आश्रमशाळेतल्या मुलांच्या मनाची दखल: शिक्षक-अधीक्षकांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण कसे घ्यावे

पहिलीत नाव घातलेले सहा वर्षांचे मूल जूनमध्ये आश्रमशाळेत येते. घरी कोरकू, गोंडी, भिली किंवा वारली बोलणारे हे मूल पहिले काही आठवडे वर्गात तोंड उघडत नाही, रात्री अंथरूण ओले करते, जेवणाच्या रांगेत मागे मागे राहते. शिक्षकाच्या वहीत त्याच्या नावापुढे 'मठ्ठ' किंवा 'लाजरा' असा शेरा पडतो आणि वर्षभर तो शेराच पुढे चालतो. खरे पाहता इथे निदान चार शक्यता आहेत. त्याला मराठी कळत नसेल, त्याला घरची ओढ लागली असेल, त्याला नीट ऐकू येत नसेल किंवा रात्री खोलीत त्याला कुणीतरी त्रास देत असेल. या चारांतला फरक शोधायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. कुठे बघायचे आणि काय विचारायचे याचा सराव लागतो, आणि तो प्रशिक्षणातूनच येतो.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले होते. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे आकडा अंदाजापुरताच धरावा. तरी या वयाची २०० मुले असलेल्या शाळेत सुमारे १५ मुलांना मदतीची गरज असणार, एवढा हिशेब त्यातून निघतो. त्या १५ मुलांपर्यंत तालुक्यातला मनोविकारतज्ज्ञ आपणहून येत नाही. त्यांना आधी शाळेतल्याच कुणीतरी हेरावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा पात्र तज्ज्ञांकडून मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे, आणि शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे त्यांत आहे. म्हणजे प्रशिक्षण घ्यायचे की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. ते सही करून चहा पिऊन जाण्याचे होऊ नये, एवढेच बघायचे आहे.

आधी ठरवा: यातून काय साधायचे नाही

दोन दिवसांत शिक्षकाचा समुपदेशक होत नाही. तसे आश्वासन देणारे प्रशिक्षण धोक्याचे, कारण अर्धवट शिकलेला माणूस निदान करू लागतो. मग 'ही डिप्रेशनची केस आहे', 'हा हायपर आहे' अशी लेबले स्टाफरूममध्ये फिरतात. या प्रशिक्षणातून चार कामे जमायला हवीत: मुलातला बदल टिपणे, मुलाशी दहा मिनिटे नीट बोलणे, पाहिलेले लिहून ठेवणे आणि मुलाला योग्य माणसापर्यंत पोचवणे. निदान करणे हे त्यांचे काम नाही. पहिल्या सत्रातच हे फळ्यावर लिहावे आणि दोन्ही दिवस पुसू नये.

तयारी

गट २० ते २४ जणांचा ठेवावा. तिघातिघांच्या गटात सराव घ्यायचा असल्याने संख्या तीनने भागली जाणारी असेल तर सोयीचे. ६० जणांना सभागृहात बसवले की त्याचे व्याख्यान होते, आणि व्याख्यानातून ऐकण्याचे कौशल्य कुणाला आलेले नाही.

कोण बोलवायचे, ही यादी बहुतेक ठिकाणी चुकते. परिपत्रक निघते शिक्षकांसाठी, पण निवासी शाळेतले मूल मनातले बोलते ते स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी, कामाठी काकांशी नाहीतर रात्रीच्या चौकीदाराशी. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा मुलांजवळ हीच माणसे असतात. म्हणून मुख्य गटात शिक्षक, अधीक्षक, अधीक्षिका आणि असल्यास परिचारिका घ्याव्यात. स्वयंपाकी, कामाठी आणि चौकीदार यांच्यासाठी दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळच्या चुलीआधी, म्हणजे दोन ते साडेचार, वेगळे सत्र ठेवावे. त्यांना मुख्य गटात बसवले तर ते मुख्याध्यापकांसमोर गप्प राहतात.

प्रशिक्षक दोन असावेत. एक जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकार सामाजिक कार्यकर्ता, आणि दुसरा प्रत्यक्ष वर्गात शिकवलेला माणूस. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतला अधिव्याख्याता किंवा गट साधन केंद्रातला विशेष शिक्षक चालेल. एकट्या डॉक्टरांचे प्रशिक्षण आजारांच्या नावांत अडकते. एकट्या शिक्षकाचे प्रशिक्षण 'मुलांना प्रेम द्या' इथे संपते.

तारीख जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात धरावी. मुले नुकतीच आलेली असतात, पळून जाण्याचे प्रकार याच काळात जास्त होतात, आणि शिकलेले लगेच वापरता येते. दुसरे सत्र दिवाळीच्या सुट्टीनंतर, कारण घरून परतलेले मूल पुन्हा पहिल्यासारखेच हबकलेले असते. ऊसतोड कामगारांच्या मुलांची हंगामी वसतिगृहे चालवणाऱ्यांनी मात्र आईबाप कारखान्याकडे निघायच्या आधीच प्रशिक्षण उरकावे.

साहित्य फारसे लागत नाही: फळा, १५ तक्ते, मार्कर, सरावाच्या प्रसंगांची २४ कार्डे, कुलूप असलेली एक फाइल आणि घड्याळ. पीपीटी दहा पानांच्या वर गेली तर वरची पाने गाळावीत.

सुरुवातीला चाचणी घ्यायची असेल तर 'नैराश्य म्हणजे काय' असले प्रश्न देऊ नयेत. पाच छोटे प्रसंग द्यावेत आणि प्रत्येकाखाली एकच प्रश्न ठेवावा: 'उद्या सकाळी तुम्ही नेमके काय कराल?' हीच चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा घ्यायची आहे, म्हणून उत्तरे जपून ठेवावीत.

पहिला दिवस, सकाळ: शेरा आणि निरीक्षण

सर्वांना विचारावे, त्रास देणाऱ्या मुलांसाठी शाळेत कोणते शब्द वापरले जातात? मोकळेपणाने सांगा म्हटले की फळा भरतो: मठ्ठ, आगाऊ, नाटकी, लाडावलेला, घुम्या, वाया गेलेला, बाहेरचे झालेले. कुणालाही लाजवू नये. मग एकेका शब्दासमोर लिहून घ्यावे की असे म्हणताना डोळ्यांना काय दिसले होते. 'नाटकी' म्हणजे काय दिसले? 'प्रार्थनेच्या वेळी तीन सोमवार चक्कर येऊन खाली बसली.' 'घुम्या' म्हणजे? 'दहा दिवस मधल्या सुट्टीत एकटाच भिंतीकडे तोंड करून बसतो.' शेरा मिटवून निरीक्षण लिहिण्याचा हा सराव पाऊण तास चालू द्यावा. संपूर्ण प्रशिक्षणाचा कणा हाच आहे. इथे घाई केली तर पुढचे सगळे वरवरचे राहते.

त्यानंतर तीन प्रश्न पाठ करून घ्यावेत: किती दिवसांपासून? किती ठिकाणी? काय अडते आहे?

एक दिवस रुसलेले मूल म्हणजे आजारी मूल नव्हे. उदासी, चिडचिड, आवडत्या गोष्टीही नकोशा होणे, झोप किंवा भूक बिघडणे असे जवळजवळ रोज, दोन आठवडे चालले तर मदत घ्यायचीच. मूल फक्त गणिताच्या तासाला चुळबुळ करत असेल तर दोष गणितात किंवा शिकवण्यात असू शकतो. वर्गात, मैदानात आणि खोलीत सगळीकडे, सहा महिन्यांहून जास्त काळ तेच असेल तर प्रकरण वेगळे. आणि काय अडते आहे, म्हणजे अभ्यास, मैत्री, जेवण, झोप, अंघोळ यांतले काय थांबले.

तुलना नेहमी त्या मुलाच्या कालच्या वागण्याशी करावी, शेजारच्या मुलाशी नको. मुळात बडबडी असलेली मुलगी शांत झाली तर ती बातमी असते. मुळातच शांत असलेली शांत राहिली तर नसते.

वयानुसार खुणा बदलतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांत शिकलेले मागे जाते: थांबलेले अंथरूण ओले करणे परत सुरू होते, बोबडे बोलणे परतते, मूल मोठ्या माणसाला चिकटून राहते. सहा ते अकराच्या मुलांत दुखणे शरीरातून बोलते: पोटात दुखणे, डोके दुखणे, उलटीची भावना. 'कसंतरी होतंय' हे या वयातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे, ते हसण्यावारी नेऊ नये. बारानंतर मात्र चिडचिड, एकटे राहणे, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे, गुटखा किंवा व्हाइटनर हुंगणे, जपलेल्या वस्तू वाटून टाकणे या खुणा दिसतात. अभ्यासात एकदम झालेली घसरण तिन्ही वयांत बोलकी असते.

आधी शरीर

मनाकडे वळण्याआधी सहा गोष्टी तपासायच्याच: डोळे, कान, झटके, रक्त, भूक, झोप.

फळ्यावरचे न दिसणारे मूल दुर्लक्ष करणारे वाटते. कान वाहणारे मूल सांगितलेले ऐकत नाही आणि उद्धट ठरते. बोलता बोलता काही सेकंद टक लावून थांबणारे, हाक मारली तरी भानावर न येणारे आणि नंतर काहीच न झाल्यासारखे पुढे चालू लागणारे मूल स्वप्नाळू म्हणून ओरडा खाते. तो फिटचा एक प्रकार असू शकतो. हिमोग्लोबिन कमी असलेली मुलगी आळशी दिसते. खरजेने रात्रभर खाजवणारे मूल दिवसा वर्गात पेंगते, आणि खरूज वसतिगृहात किती सहज पसरते हे अधीक्षकांना सांगायला नको.

यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक उपयोगी पडते. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या या कार्यक्रमात शाळेतली तपासणी वर्षातून एकदा आणि अंगणवाडीतली दोनदा होते. पथक यायच्या दिवशी शंका असलेल्या मुलांची वेगळी यादी तयार हवी. चारशे मुलांच्या रांगेत डॉक्टरांच्या हे आपोआप लक्षात येईल, असे धरून चालू नये.

पहिला दिवस, दुपार: ऐकण्याचा सराव

तिघांचा गट करावा: एक मूल, एक मोठा, एक निरीक्षक. प्रसंगाचे कार्ड फक्त 'मुला'ला द्यावे. सहा मिनिटे बोलणे, दोन मिनिटे निरीक्षकाचे सांगणे, मग भूमिका बदलणे. तिघांचे मिळून अर्धा तास पुरतो. नंतर नवी कार्डे घेऊन आणखी एक फेरी करावी. पहिल्या फेरीत सगळे हसतात. खरे काम दुसऱ्या फेरीत होते.

कार्डे आपल्या भागातलीच असावीत. उदाहरणार्थ: 'सातवीतला मुलगा. वडील दारू पिऊन आईला मारतात. सुट्टी जवळ आली की तुझे पोट दुखते.' 'नववीतली मुलगी. मामाने घरी लग्नाची बोलणी सुरू केली आहेत. तू सांगशील की अभ्यासात मन लागत नाही, बाकी काही सांगू नकोस, विश्वास वाटला तरच सांग.' 'पाचवीतला मुलगा. खोलीतली मोठी मुले रात्री पैसे आणि खाऊ काढून घेतात. नाव सांगितले तर मारतील.'

निरीक्षकाने फक्त तीन गोष्टी मोजाव्यात: मोठ्याने उपदेश कधी सुरू केला, 'का' हा शब्द किती वेळा आला आणि मूल बोलत असताना किती वेळा तोडले. शिक्षकी पेशात बोलण्याची सवय इतकी मुरलेली असते की पहिला उपदेश बहुधा पहिल्याच मिनिटात येतो. 'का केलंस?' हा प्रश्न मुलाला दटावणी वाटतो. त्याऐवजी 'काय झालं होतं?' किंवा 'तेव्हा तुला काय वाटलं?' विचारावे.

उपयोगी वाक्ये पाठच करून घ्यावीत, कारण ऐनवेळी सुचत नाहीत:

'दोन-तीन दिवस तू जेवत नाहीयेस, माझ्या लक्षात आलं. काही झालंय का?'
'सांगितलंस ते बरं केलंस.'
'आत्ता बोलायचं नसेल तर हरकत नाही. मी उद्या प्रार्थनेनंतर परत येतो.' (आणि जायचेच. न जाणे म्हणजे न विचारण्याहून वाईट.)

टाळायची वाक्ये: 'एवढ्याशा गोष्टीचं काय रडायचं', 'बाकीच्यांकडे बघ', 'आईबाप पोटाला चिमटा काढून शिकवतायत', आणि सर्वांत फसवे, 'मला सांग, मी कुणालाही सांगणार नाही.' हे वचन देता येत नाही. 'तुझ्या जिवाला धोका असेल किंवा तुला कुणी त्रास देत असेल, तर मदत करणाऱ्या माणसाला सांगावं लागेल. बाकी कुणाला नाही,' असे आधीच सांगावे. मूल त्यानेच जास्त विश्वास ठेवते.

बोलायची जागाही ठरवून घ्यावी. कार्यालयात नाही, सर्वांसमोर नाही, आणि दार बंद खोलीतही नाही. झाडाखाली, व्हरांड्याच्या टोकाला, दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी. समोर टेबल नको, शेजारी बसावे. मुलाची भाषा आपल्याला येत नसेल तर वरच्या वर्गातल्या मुलाला दुभाषा करण्याचा मोह टाळावा. गुपित संध्याकाळपर्यंत खोलीभर होते. ती भाषा बोलणारा कर्मचारी शोधावा. चित्र काढायला देणे, सोबत शेंगा सोलत बसणे यानेही लहान मूल मोकळे होते. मात्र चित्राचा अर्थ लावायला बसू नये.

दुसरा दिवस, सकाळ: जीव द्यावासा वाटणारे मूल

या सत्राला दीड तास द्यावा आणि तो कापू नये. आत्महत्येबद्दल विचारले तर मुलाच्या डोक्यात तो विचार घातला जाईल, या भीतीने शिक्षक विचारायचे टाळतात. अशी भीती खरी नाही. सरळ, शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही, आणि मुलाला पहिल्यांदा कुणाशी तरी बोलता येते.

कसे विचारायचे, हे प्रत्येकाने मोठ्याने म्हणून बघावे. 'तुला इतकं वाईट वाटतं का, की जगू नये असं वाटतं?' 'जीव द्यावा असा विचार मनात आला का?' उत्तर हो आले तर: 'कसं करायचं हे ठरवलं आहेस का? कधी? याआधी कधी प्रयत्न केला होतास?' पद्धत ठरलेली आहे, साधन हाताशी आहे आणि वेळही ठरली आहे, तर हा आत्ताचा धोका. विचार येतो पण काही ठरलेले नाही, तरी त्याच दिवशी तज्ज्ञांशी बोलणे.

मग क्रमाने:

१. मुलाला एकटे सोडायचे नाही. शौचालयालाही सोबत कुणीतरी, दार न लावता. झोपायला मोठ्या माणसाजवळ.

२. साधने दूर करायची. शाळेच्या शेतीची कीटकनाशके, औषधांची पेटी, दोर आणि धारदार हत्यारे कुलपात, गच्चीचे दार बंद. ही व्यवस्था खरे तर आजच करून ठेवावी, त्या दिवसाची वाट बघू नये.

३. मुख्याध्यापकांना कळवायचे आणि १४४१६ वर फोन करायचा. 'टेली मानस'ची ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालते, दिवसरात्र आणि मोफत, मराठीतही. काय करावे हे कर्मचारी स्वतःही तिथे विचारू शकतो.

४. पालकांना बोलावायचे. फोनवर फक्त 'बाळाची तब्येत बरी नाही, आज यायला हवे' एवढेच सांगावे. बाकी समोरासमोर.

५. आत्ताचा धोका असेल तर थेट रुग्णालय. काही प्राशन केले असेल तर १०८ आणि मिळेल ते वाहन, आणि बाटली सोबत न्यायची. घरगुती उपायाने उलटी करवण्यात वेळ घालवू नये, काही विषांत उलटीने अपाय वाढतो.

पोलीस प्रकरण होईल म्हणून घटना दाबली जाते, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी बोलत नाही. म्हणून कायदा स्पष्ट सांगावा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करायची नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुन्या दंडविधानाचे कलम ३०९ राहिलेले नाही. रुग्णालय पोलिसांना कळवते ही त्यांची नेहमीची पद्धत आहे, मुलावर गुन्हा नव्हे.

हातावर कापून घेणाऱ्या प्रत्येक मुलाला मरायचे असते असे नाही, पण विचारल्याशिवाय हा फरक कळत नाही. जखम धुवा, पट्टी बांधा, मग विचारा. सगळ्या वर्गाच्या बाह्या वर करून तपासणे हा प्रकार बंद करावा. त्याने लपवायच्या जागा तेवढ्या बदलतात.

शाळेत एखाद्या मुलाचा मृत्यू झालाच, तर पद्धतीचे वर्णन, सभा भरवून भाषण आणि फोटोला हार घालून दिवसभर चालणारा कार्यक्रम टाळावा. जवळच्या मित्रमैत्रिणींना लहान गटात भेटावे आणि पुढचे काही आठवडे त्यांच्यावर लक्ष ठेवावे.

लैंगिक अत्याचार: चौकशी करायची नाही

इथे नियम थोडे आणि कडक. मुलाने सांगितले तर ऐकायचे, 'तुझी चूक नाही' म्हणायचे आणि त्याच्याच शब्दांत लिहायचे. कुठे, कसे, किती वेळा अशी उलटतपासणी करायची नाही. ते पोलिसांचे काम आहे, आणि पुन:पुन्हा विचारल्याने जबाबही बिघडतो. संशयिताला बोलावून समोरासमोर उभे करणे हा सर्वांत मोठा अपराध समजावा. कपडे धुवायला लावू नयेत.

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार कळवणे सर्वांना बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. शाळेची अंतर्गत समिती आधी चौकशी करेल आणि मग बघू, ही पळवाट कायद्यात नाही. पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचे, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरूनही मदत मिळते. कर्मचाऱ्यांना हेही सांगावे की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा जागी, गणवेशात नसलेल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, आणि मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने करायची असते. हे माहीत असले की ते मुलाला धीर देऊ शकतात.

दुसरा दिवस, दुपार: कुणाकडे न्यायचे याचा नकाशा

प्रत्येक शाळेने भिंतीएवढ्या कागदावर स्वतःचा नकाशा काढायचा. छापील यादी वाटू नये, ती फाइलला लागते. नकाशात नाव, फोन, वार, वेळ, अंतर आणि तिथे जाणारी गाडी हवी. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी रोज नसते, ठरावीक वारी असते. तो वार फोन करून विचारावा. तो आठवडी बाजाराच्या दिवशी असेल तर उत्तमच: पालक एरवीही येतात, त्यांची मजुरी बुडत नाही.

लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठी जिल्हा शीघ्र निदान व उपचार केंद्र. १० ते १९ वयासाठी रुग्णालयातले मैत्री क्लिनिक. वाचन-लेखनाच्या अडचणींसाठी गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते आणि प्रमाणपत्र मिळाले की परीक्षेत सवलती मिळतात. गंभीर आजारासाठी जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय किंवा ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालये. गोव्यातल्या शाळांसाठी बांबोळीची मनोविकार संस्था.

माणसांतला फरकही कळायला हवा. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर, औषध तोच लिहितो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि उपचार करतो. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारावे. 'समुपदेशक' ही पाटी मात्र तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलाही लावतो. शिक्षण आणि अनुभव न विचारता मुलांना त्याच्या हवाली करू नये.

सोबत एका पानाची चिठ्ठी द्यावी: वय, इयत्ता, घरची भाषा, काय दिसले, कधीपासून, काय अडते, शाळेने काय केले, आधीचे आजार, सोबत कोण आले. निदान लिहू नये. चिठ्ठीशिवाय पाठवलेले मूल डॉक्टरांसमोर गप्प बसते, पालक म्हणतात 'शाळेने पाठवलं', आणि टॉनिक घेऊन सगळे परत येतात.

पालकांशी बोलणे

'तुमच्या मुलाला मानसिक प्रॉब्लेम आहे' या वाक्याने दार बंद होते. त्याऐवजी 'रात्री झोपत नाही, जेवण कमी झालंय, काळजी वाटते' असे सांगावे. हे घरालाही दिसत असते. आधी मुलाची एक चांगली गोष्ट सांगावी आणि ती खरी असावी.

भगताकडे किंवा देवऋष्याकडे नेणार म्हणाले तर वाद घालू नये. वाद घातला की पालक शाळेत येणे थांबवतात. 'तुमचं करा, पण दवाखान्यातही चला, आणि डॉक्टरांचं औषध मध्येच बंद करू नका' असे म्हणावे. मारणे, चटके देणे, कोंडणे आणि उपाशी ठेवणे याला मात्र ठाम नकार, आणि तसे होत असेल तर १०९८. शाळेतल्या मारालाही हेच लागू: शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे. छडी हातात घेऊन ऐकण्याचे प्रशिक्षण होत नाही.

१८ वर्षांखालच्या मुलाच्या उपचाराला पालकांची संमती लागते, म्हणून त्यांना वगळून पुढे जाता येत नाही. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र ते पोचेपर्यंत थांबू नये.

नोंद, आणि व्हॉट्सअ‍ॅप

एका मुलाला एक पान: तारीख, वेळ, काय पाहिले, मूल काय म्हणाले (त्याच्याच शब्दांत), काय केले, पुढे कोण आणि कधी बघणार. फाइल कुलपात, किल्ली दोघांकडेच. मुलांच्या भावना आणि वागणूक यांबद्दलची पंचवीस प्रश्नांची 'एसडीक्यू' प्रश्नावली वापरायची असेल तर अधिकृत भाषांतरच घ्यावे आणि गुण तज्ज्ञांना दाखवावेत. वर्गात वाटून गुण मोजून यादी लावणे म्हणजे नवे शेरे वाटणे.

शाळेच्या किंवा केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुलाचे नाव, फोटो, 'या मुलीकडे लक्ष द्या' असले संदेश टाकू नयेत. गुपित फुटायची ही आजची सर्वांत सोपी वाट आहे. प्रशिक्षणाचा अहवाल पाठवतानाही प्रसंग नावाशिवाय लिहावेत.

नंतरचे तीन महिने

प्रशिक्षण वाया जाते ते इथे. दोन दिवस उत्साहात जातात, तिसऱ्या दिवशी पोषण आहाराची माहिती भरायची असते. म्हणून निघण्यापूर्वीच पुढच्या सहा फोनच्या तारखा ठरवाव्यात: दर पंधरा दिवसांनी प्रशिक्षक प्रत्येक शाळेला वीस मिनिटे फोन करेल आणि एकाच मुलाबद्दल बोलेल. महिन्यातून एकदा अर्ध्या तासाची बैठक, त्यात मुख्याध्यापक, अधीक्षक, अधीक्षिका आणि त्या मुलाचा वर्गशिक्षक एवढेच. अजेंडा तोच: कोणाची नोंद झाली, कोण तज्ज्ञांकडे पोचले, कोण अर्ध्यावर राहिले आणि का.

अधीक्षकांची स्वतःची झोपही या बैठकीत विचारावी. शंभर मुलांसाठी एकटाच माणूस रात्रंदिवस असेल तर त्याची चिडचिड हा स्वभाव नसून ड्युटीचा प्रश्न असतो, आणि तो आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे लेखी गेला पाहिजे.

तीन महिन्यांनी जुलैतली पाच प्रसंगांची चाचणी परत घ्यावी आणि उत्तरे शेजारी ठेवून वाचावीत. 'समजावून सांगेन' हे उत्तर जाऊन 'बाजूला घेऊन विचारेन, लिहून ठेवेन, बुधवारी ग्रामीण रुग्णालयात नेईन' असे उत्तर आले का, ते बघावे. सोबत तीन आकडे काढावेत: किती मुलांची नोंद झाली, किती जण प्रत्यक्ष तज्ज्ञांपर्यंत पोचले, किती जण दुसऱ्यांदा गेले. पहिला आकडा शून्य असेल तर शाळेत सगळे ठीक आहे असे समजू नये. नोंदीची फाइल कुठे ठेवली आहे, ते आधी विचारावे.